रक्ताचा आकडा खरेच बदलला का?

गरोदर सुनेचे हिमोग्लोबिन शिबिरात बोट टोचून तपासले, 9.4 निघाले. महिनाभर लाल गोळ्या खाल्ल्यावर पुन्हा तपासले तर 9.1. लगेच घरात कुणीतरी म्हणते, "गोळ्यांनी रक्त उलट कमी झाले, बंद कर." गोळ्या बंद होतात आणि बाई तशीच अशक्त बाळंतपणाला जाते. भगिनींनो, 9.4 चे 9.1 झाले म्हणजे रक्त घटलेच असे नाही. एवढा फरक मोजण्यातही पडतो.

रक्त येत नाही म्हणून बोट जोराने दाबले, तर थेंबात अंगातले पाणी मिसळते आणि आकडा कमी येतो. साहलीच्या नळीत रंग डोळ्यांनी जुळवतात, त्यामुळे एकच नळी दोघींनी पाहिली तर दोन आकडे निघू शकतात. बराच वेळ निजलेल्या बाईचे रक्त घेतले तर आकडा थोडा कमी येतो. मशीन बदलली तरी फरक पडतो.

म्हणून बोटाच्या तपासणीत अर्ध्या ग्रॅमच्या फरकाने घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. शिरेतून रक्त काढून केलेली सीबीसी जास्त भरवशाची. पण तिथेही दोन-तीन दशांश इकडेतिकडे होतात.

मग खरा बदल कोणता? अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात, गोळ्या नीट घेतल्यावर महिनाभरात निदान 1 ग्रॅम वाढ धरली आहे. तेवढी झाली नाही तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांकडे जायचे. वर सांगितलेल्या सुनेचे रक्त घटले असे म्हणता येत नाही, पण ते हवे तसे वाढलेही नाही. गोळी रोज घेते का, चहासोबत घेते का, सिकलसेलची तपासणी झाली का, हे विचारायला हवे.

सिकलसेलचे मुद्दाम सांगते, कारण विदर्भात आपल्या बौद्ध समाजात हा आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन बरे असतानाही 7-8 च्या आसपास असू शकते. त्याची तुलना शेजाऱ्याच्या 12 शी करू नका, त्याच्याच नेहमीच्या आकड्याशी करा. नेहमी 8 असणाऱ्या मुलाचे 7.7 आले तर ती मोजण्यातली चूक असू शकते. 6 किंवा त्याहून कमी आले, म्हणजे 2 ग्रॅमची घट झाली, तर ती चूक समजून घरी थांबू नका. कधीकधी प्लीहेत रक्त अडकून मुलाचे पोट डावीकडे फुगते, मूल एकदम पांढरे पडते, धाप लागते, सुस्तावते. असे दिसले तर आकड्याची वाटच पाहू नका. वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा, कुठेही असा, लगेच सरकारी दवाखाना गाठा.

घरात एक वही ठेवा. तारीख, आकडा, कुठे तपासले, बोटातून की शिरेतून, एवढे लिहा. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने तपासा. आकडा अनपेक्षित वाटला तर पुन्हा तपासून मागा. तो तुमचा हक्क आहे. एका आकड्यावर औषध सुरू किंवा बंद करू नका. तीन-चार आकडे ओळीने खाली किंवा वर जात असतील, तर वही घेऊन डॉक्टरांना दाखवा.