सूर्य आहे, वारा आहे. मग ग्रीडला ‘वजन’ कशाला लागतं?

बेळगाव : सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरताहेत, तिकडं तुमकूर जिल्ह्यात पावगडला 2050 मेगावॉटचा सौर पार्क उभा आहे. इंधनाचा खर्च शून्य. मग जुनी औष्णिक आणि जलविद्युत केंद्रं अजून कशाला हवीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं उत्तर मेगावॉटमध्ये नाही, सेकंदांमध्ये आहे. विद्युत अभियंत्यांचं बरंच संशोधन सध्या याच काही सेकंदांवर चाललंय.

50 चा ताल

आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, म्हणजे तिची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ. निर्मितीपेक्षा मागणी वाढली की ती घसरते. देशात ती 49.90 ते 50.05 च्या दरम्यान ठेवायची असते.

कोयनेचं जनित्र घ्या. त्याचा अवजड रोटर ग्रीडच्या तालावर फिरतो. दुसरीकडं एखादं केंद्र अचानक बंद पडलं, तर हा रोटर आपल्या फिरण्यात साठलेली ऊर्जा आपोआप ग्रीडला देतो. पायडल थांबवलं तरी सायकल थोडी पुढं जाते, तसंच हे. यालाच जडत्व म्हणतात. तेवढ्या अवधीत बाकीची केंद्रं उत्पादन वाढवतात. व्यापाऱ्याच्या भाषेत हे खेळतं भांडवल. विक्री कितीही असो, आजचं देणं भागवायला गल्ल्यात पैसा लागतोच.

सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. आधुनिक पवनचक्की फिरते खरी, पण ती आणि ग्रीड यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो. त्यामुळं तिचं वजन ग्रीडला आपोआप मिळत नाही.

साउथ ऑस्ट्रेलियाचा धडा

28 सप्टेंबर 2016 रोजी ऑस्ट्रेलियातल्या या राज्यात वादळानं वीजवाहिन्यांचे टॉवर पाडले. लागोपाठ फॉल्ट आले. इतके फॉल्ट सोसण्याची सेटिंग अनेक पवनचक्क्यांत नव्हती. सात सेकंदांच्या आत 456 मेगावॉट कमी झाले. शेजारच्या व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर भार चढला आणि तीही सुटली. राज्यात मोठी जनित्रं थोडीच चालू होती. फ्रिक्वेन्सी इतक्या वेगानं पडली, की भार तोडणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला सावरायला वेळच मिळाला नाही. सुमारे साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

पवनचक्क्यांची सेटिंग नंतर दुरुस्त झाली. पण जडत्वाचा प्रश्न उरलाच.

दोन उपाय

पहिला उपाय जुनाच आहे, सिंक्रोनस कंडेन्सर. हे जनित्रासारखंच यंत्र, पण इंधन न जाळता ग्रीडला जोडून नुसतं फिरत ठेवायचं. साउथ ऑस्ट्रेलियानं 2021 मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन इथं अशी चार यंत्रं, जोडीला फ्लायव्हील देऊन, चालू केली.

दुसरा उपाय संशोधनातून आला. चिंग-चांग झोंग आणि जॉर्ज वाइस या अभियंत्यांनी 2011 मध्ये ‘सिंक्रोनव्हर्टर’ची कल्पना मांडली. जनित्र कसं वागतं याची गणिती समीकरणं इन्व्हर्टरच्या नियंत्रकात घालायची, म्हणजे इन्व्हर्टर जनित्रासारखा वागेल. अर्थात समीकरणातून ऊर्जा निघत नाही, ती बॅटरीसारख्या साठ्यातूनच यावी लागते. त्याच राज्यातली हॉर्न्सडेलची 150 मेगावॉटची बॅटरी 2022 पासून याच धर्तीवर जडत्वाची सेवा देते आहे.

आपला संबंध काय?

जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड कोसळली, साठ कोटींवर लोकांना फटका बसला. कर्नाटक वाचलं, कारण तेव्हा दक्षिणेची ग्रीड वेगळ्या तालावर चालत होती. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि देशभर एकच ताल झाला. सीमेचा वाद कोर्टात असला, तरी बेळगाव आणि चंदगडची वीज आज एकाच ठेक्यावर चालते. यात फायदा मोठा आहे, कारण एकाची अडचण सगळ्यांचं जडत्व मिळून पेलतं. पण त्यातला वाटा जसजसा कमी होईल, तसतसा धोकाही सगळ्यांच्या वाट्याला येईल.

म्हणून सौर पार्कची पुढची घोषणा ऐकाल, तेव्हा मेगावॉटचा आकडा जरूर बघा. त्याच्या जोडीला बॅटरी, कंडेन्सर किंवा पाणी उपसून साठवणारा जलविद्युत प्रकल्प आहे का, हेही विचारा. विक्रीच्या आकड्यावर खूश होऊन खेळतं भांडवल विसरणारं दुकान फार दिवस चालत नाही.