खंजिरी, चाल आणि गाव

मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी 'या झोपडीत माझ्या' ही कविता चालीवर म्हटली आहे. पुस्तकात खाली कवीचं नाव असतं, तुकडोजी महाराज, आणि मुलं ते इतर कवींच्या नावांसारखंच वाचून पुढे जातात. विदर्भात मात्र हे नाव पुस्तकाआधी कानावर पडतं. पहाटेच्या ध्यानात, संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत, गावच्या भजनी मंडळात ते खंजिरीसोबतच येतं. स्वतः लिहायचं, चाल लावायची, स्वतःच वाजवायचं आणि समोर बसलेल्यांकडूनही म्हणवून घ्यायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आज ज्यांना स्वतंत्र गायक-गीतकार म्हणतात, ज्यांच्या पाठीशी ना कंपनी असते ना निर्माता, त्यांच्यात त्यांची गणना सहज व्हावी. संत म्हणून त्यांच्यावर उदंड लिहिलं गेलं. गाणारा आणि गाणं घडवणारा म्हणून फार कमी. हा लेख त्या दुसऱ्या बाजूसाठी आहे, आणि त्यात वर्धा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव माणिक, आईचं नाव मंजुळाबाई, वडील बंडोजी. घरात गरिबी, शाळा अर्धवट सुटलेली. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात भजनाची गोडी लागली आणि 'तुकड्या' हे नावही तिथेच मिळालं. पुढे भजनाच्या शेवटच्या कडव्यात हीच नाममुद्रा आली: कधी तुकड्या म्हणे, कधी तुकड्यादास. पोरवयात घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानांत भटकंती झाली. तिथून परतले तेव्हा हातात खंजिरी होती आणि तोंडी स्वतःची भजनं.

खंजिरी हे वाद्य जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एक गोल लाकडी कडं, एका बाजूने ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमध्ये सैल अडकवलेल्या धातूच्या छोट्या झांजा. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कातड्यावर थाप पडली की ठोका मिळतो, मनगट हललं की झांजा बोलतात. म्हणजे ताल आणि झणकार दोन्ही एकाच माणसाच्या हातात. पेटी वाहून न्यावी लागते, तबल्याला वेगळा वाजवणारा लागतो, मृदंगाला तर शिकलेला हात हवा. खंजिरी झोळीत मावते. गाणाऱ्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही, गावात पोचला की पारावर बसून सुरुवात करता येते. मैदानातल्या गर्दीत पेटीचा सूर विरून जातो, पण झांजांची किणकिण शेवटच्या ओळीतल्या माणसापर्यंत जाते. माझ्या मते महाराजांचं स्वातंत्र्य आधी या वाद्याच्या निवडीत आहे, बाकीचं नंतर.

दुसरी गोष्ट रचनेची. 'या झोपडीत माझ्या' ही कविता आनंदकंद वृत्तात आहे. या वृत्ताच्या ओळीत २४ मात्रा असतात आणि ती बरोबर मध्ये, १२ मात्रांवर, दुभंगते. गागाल गालगागा, आणि पुन्हा तेच. ज्याने कधी गाणं शिकलेलं नाही त्यालाही मध्यावर श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय प्रत्येक कडवं त्याच ध्रुवपदावर येऊन थांबतं, त्यामुळे कडवं पाठ नसलेला माणूसही ध्रुवपद उचलू शकतो. राजवाड्यातल्या पहाऱ्यांपेक्षा कडीकुलूप नसलेल्या झोपडीतली निर्धास्त झोप मोठी, हा आशय एकट्याने वाचला तर बरा वाटतो. पण शंभर माणसं ध्रुवपदाला एकत्र येतात तेव्हा ती झोपडी एकाची राहत नाही. मला यात रचनाकाराची पक्की जाण दिसते: गाणं आपल्या गळ्यासाठी करायचं नाही, समोरच्याच्या गळ्यासाठी करायचं.

त्यांच्या भजनांच्या पुस्तिका उघडून पाहा. भजनाच्या डोक्यावर तर्ज दिलेली दिसते, म्हणजे हे अमुक गाण्याच्या चालीवर म्हणा. स्वरलिपी वाचता येणारी माणसं गावात कुठून आणायची? पण त्या काळचं एखादं प्रचलित गाणं सगळ्यांच्या कानात असे. त्याचं नाव दिलं की महाराज कधी आले नाहीत अशा गावातही भजन त्याच दिवशी सुरू होई. मराठी आणि हिंदी दोन्हींत त्यांनी रचना केली. वऱ्हाड आणि नागपूर हा पट्टा तेव्हा मध्य प्रांताचा भाग होता, हिंदी इथे परकी नव्हतीच. त्यामुळे गाण्याला प्रांताची वेस आडवी आली नाही.

१९३५ साली त्यांनी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावहून वर्धा नदी ओलांडून पुढे गेलं की तिवसा आणि मग मोझरी, इतकं हे जवळ. पुढच्याच वर्षी गांधीजींनी त्यांना बोलावलं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले होते. त्याच गावाला पुढे १९४० मध्ये सेवाग्राम नाव मिळालं. त्या पहिल्या वर्षी तिथे आजच्यासारखा आश्रमाचा पसारा नव्हता. वीज नाही, धड रस्ता नाही, सभोवती कापसाची शेतं. तुकडोजी महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले आणि प्रार्थनेत गायले. गांधीजींचा सोमवार मौनाचा. अशाच एका मौनाच्या दिवशी भजन ऐकता ऐकता ते इतके रंगले की मौन विसरून 'पुन्हा एकदा' असं बोलून गेले, ही आठवण वर्ध्याकडे आजही आवडीने सांगितली जाते.

या महिन्याने गायकाला काय दिलं, याचा विचार करायला हवा. गांधीजींची सामुदायिक प्रार्थना सेवाग्रामात जन्मलेली नाही. ती दक्षिण आफ्रिकेतून आली. १९०४ सालची फिनिक्स वसाहत आणि १९१० सालचं टॉलस्टॉय फार्म इथे वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र राहत आणि संध्याकाळी एकत्र बसून भजनं म्हणत. फिनिक्सच्या शेजारीच इनांडा भागात जॉन ड्युबे यांची ओहलांगे शाळा होती. याच शाळेच्या गायकवृंदाने जानेवारी १९१२ मध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेच्या पहिल्या सभेत, इनॉक सोंटोंगा यांचं गीत गायलं. सोंटोंगा हे मिशन शाळेतले साधे मास्तर. १८९७ मध्ये त्यांनी ते प्रार्थनागीत रचलं, चालही स्वतःच दिली आणि १९०५ मध्ये ऐन तारुण्यात ते गेले. त्यांची कबर कुठे आहे हेही पुढे कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. गाणं मात्र चर्चमधून सभेत, सभेतून रस्त्यावर गेलं आणि आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. त्याच देशातले कामगार पुढारी वुयिसिले मिनी यांनी वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध गाणी रचली, खर्जातल्या दमदार आवाजात गायली आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये फाशीला जातानाही ते गात गेले असं सांगतात. अशा गाण्यांना तबकडीची वाट पाहावी लागली नाही. लोकांनी एकत्र म्हणायची म्हणूनच ती रचलेली होती.

मोझरीची सामुदायिक प्रार्थना याच जातीची. तिची मुळं वारकरी भजनात आहेत, आडकोजींच्या सहवासात आहेत, गावच्या पारावर आहेत. पण सर्व धर्मांच्या माणसांनी ठरलेल्या वेळी, रांगेत, शिस्तीने बसून एका सुरात म्हणायचं, हे रूप पाहिलं की सेवाग्रामचा तो मुक्काम आठवल्याशिवाय राहत नाही.

गाण्याची ताकद राज्यकर्त्यांना १९४२ मध्ये कळली. त्या वर्षी महाराजांचा चातुर्मास चिमूरला होता. झाडंझुडपं आणि दगडधोंडेसुद्धा लढ्यात उतरतील अशा अर्थाचं त्यांचं हिंदी भजन गावोगाव म्हटलं जात होतं. १६ ऑगस्टला चिमूर पेटलं आणि त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात गावकरी पडले, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आष्टी तेव्हापासून आष्टी शहीद म्हणून ओळखली जाते. ऑगस्ट संपता संपता महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग; डिसेंबरात सुटका. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी ६३ दिवस उपाशी राहिले, आणि चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या. हा सगळा इतिहास एका भजनाने घडवला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मिरवणुकीत चालणाऱ्यांच्या तोंडी शब्द कुणाचे होते, याचं उत्तर सरकारने त्या गायकाला पकडून स्वतःच दिलं.

सुटकेनंतरचा काळ संघटनेचा. त्यांच्या श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावागावांत पसरल्या, गुरुकुंजातून पुस्तकं आणि मासिक निघू लागलं. गाणाऱ्याने आपलं प्रकाशन आपल्या हातात ठेवलं आणि गाणं पोचवणारी माणसंही स्वतःच तयार केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भजनाला येणाऱ्यांनी सकाळी झाडू हातात घ्यावा, गटारं साफ करावीत, लग्नातला अवाजवी खर्च थांबवावा, जातीची शिवाशिव सोडावी, असा त्यांचा आग्रह असे. हेच पुढे ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत ओवीबद्ध होऊन आलं. १९५५ मध्ये ते जपानच्या धर्मपरिषदेला गेले तेव्हाही खंजिरी सोबत होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचं भजन ऐकून 'राष्ट्रसंत' म्हटलं आणि तेच बिरुद आता नागपूर विद्यापीठाच्या नावात आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, अश्विन वद्य पंचमीला, त्यांनी मोझरीत देह ठेवला. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर ही तिथी येते आणि वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं मोझरीची वाट धरतात.

खंजिरीची परंपरा थांबलेली नाही. अकोटकडचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवत कीर्तन करतात आणि हुंडा, दारू, बुवाबाजी यांवर बोलतात. त्यांची सप्तखंजेरी ऐकायला तरुण पोरंही गर्दी करतात. वर्धा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत मंडळाची प्रार्थना होते. मात्र एक काळजी मनात आहे. शब्द छापलेले आहेत, ते जाणार नाहीत. चालींचं तसं नाही. ज्या गाण्याचं नाव तर्ज म्हणून दिलं, ते गाणंच विस्मरणात गेलं की त्या भजनाची चाल जुन्या गाणाऱ्याच्या गळ्यात तेवढी उरते. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, हिंगणघाट या भागांत अशी वयस्कर मंडळी अजून भेटतील. महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या गळ्यातली भजनं ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओ लागत नाही, फोन पुरतो. आधी गाणाऱ्याचं नाव आणि गाव बोलून घ्यावं, भजनाचा पहिला शब्द घ्यावा आणि ही चाल कुणाकडून शिकलात तेही विचारावं. शाळा-कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावसफाई असतेच. एक संध्याकाळ या कामाला दिली, तर एका हिवाळ्यात तालुक्याचं काम होईल.