छर्र्यांना जागा हवी

सायकलस्वाराच्या पायांचा सगळा जोर दोन क्रँकच्या मधल्या आडव्या एक्सलवर येतो आणि त्या एक्सलला दोन बाजूंच्या दोन बेअरिंगांनी धरून ठेवलेलं असतं. दुकानात या सगळ्या भागाला बीबी म्हणतात. बॉटम ब्रॅकेट हे पूर्ण नाव क्वचितच ऐकू येतं. डोंगरातल्या सायकलीत याची जागा फार वाईट आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्यावर येतो. सीटपोस्टच्या फटीतून फ्रेममध्ये शिरलेलं पाणीही नळीतून ओघळत शेवटी त्याच्याच पोटात साचतं. पावसाळाभर सह्याद्रीत सायकल घातली, की दसऱ्याच्या सुमारास बीबी कुरकुरायला लागतो आणि तो उघडणं टळत नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या एवढ्याशा भागाची रचना इतक्या वेळा बदलली, की एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या भिंतीवरचे पान्हे पाहून कुठल्या काळात काय चालत होतं ते सांगता येईल. त्या सगळ्या बदलांतून टिकलं काय आणि गळालं काय, याचा हिशेब मला दोनच गोष्टींवर मांडावासा वाटतो. बेअरिंगमधल्या छर्र्यांना जागा किती मिळाली? आणि ते झिजल्यावर साध्या माणसाला बदलता येतात का?

आपल्याकडे १९९० च्या दशकात जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली गल्लोगल्ली दिसू लागल्या. हीरोची रेंजर इतकी चालली, की कुठल्याही कंपनीच्या तशा सायकलीला लोक रेंजरच म्हणायचे. दिसायला त्या डोंगरी असल्या, तरी बहुतेकींच्या पोटातला बीबी आजोबांच्या काळ्या सायकलीतलाच होता. कॉटर पिनने पक्के केलेले लोखंडी क्रँक, दोन बाजूंना दोन वाट्यांसारखे कप आणि प्रत्येक कपात पाव इंची सुटे छर्रे.

ओव्हरहॉलिंगला सायकल टाकली, की मिस्त्री आधी कॉटर पिनचा नट उलटा फिरवून तिच्या टोकावर हातोडीचा एकच नेमका घाव घालायचे. दोन घाव लागले, तर पिन वाकली असं समजायचं. मग डाव्या कपाची लॉक रिंग छन्नीने सैल व्हायची, कप बाहेर यायचा आणि काळ्या पडलेल्या ग्रीसमध्ये रुतलेले छर्रे हातावर पडायचे. रॉकेलच्या थाळीत ते धुतले, की खरी तपासणी सुरू. एक्सलवर छर्रे जिथे धावतात, त्या पट्ट्यावरून नख फिरवायचं. गुळगुळीत लागलं तर फक्त छर्रे बदलायचे, नख अडलं तर एक्सलही. नवं ग्रीस भरलेल्या कपात दर बाजूला अकरा छर्रे बोटाने चिकटवत बसवायचे आणि शेवटी कप एवढाच आवळायचा, की एक्सल डुगडुगणार नाही आणि जडही होणार नाही. या शेवटच्या आवळण्यात कारागिराचं सगळं कसब होतं. त्या रचनेत लपलेलं काही नव्हतं. प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहता येत होता आणि सुटा विकत मिळत होता. उणीव एकच, पण डोंगरात तीच जिवावर बेतायची: पाणी अडवायला सीलच नव्हतं.

अमेरिकेत हीच उणीव फार आधी लक्षात आली होती. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ पासून काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन एका खड्या कच्च्या उतारावर शर्यती लावत. खाली पोचेपर्यंत मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच त्या रस्त्याचं नाव रीपॅक पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठीच अशी पहिली फ्रेम घडवली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर दुकानांत आली आणि हा खेळ जगभर पसरला. म्हणजे माउंटन बाइकच्या जन्मापासूनच वंगण आणि बेअरिंग हा तिचा दुखरा भाग आहे. कॅलिफोर्नियातल्याच फिल वूडने सीलबंद बेअरिंगांचा बीबी आणला होता. १९९० च्या आसपास सनटूर कंपनीने ग्रीस गार्ड नावाची युक्ती आणली. बारीक छिद्रातून ग्रीस गनने नवं ग्रीस आत दाबायचं, म्हणजे जुनं चिखलासकट बाहेर पडतं. मला ती आजही या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. सनटूर स्पर्धेत मागे पडली आणि कल्पनाही बाजूला राहिली.

त्यानंतर आला कार्ट्रिज बीबी. चौकोनी टोकांचा एक्सल आणि दोन सीलबंद बेअरिंगं, सगळं एका नळकांड्यात बंद. शिमानो कंपनीच्या यूएन मालिकेतले असे बीबी वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाऊनही चालत राहिले. जुन्या स्वारांना त्यांच्याबद्दल माया वाटते ती उगाच नाही. हा बीबी आतून दुरुस्त होत नाही, अख्खाच बदलावा लागतो. पण त्याला दात असलेलं एक सॉकेट आणि क्रँक ओढायचा पुलर एवढं पुरतं, आणि पुढची तीन-चार वर्षं विसरून जाता येतं.

मग हलकं आणि ताठ करण्याची चढाओढ लागली. चौकोनी एक्सल साधारण १७ मिलिमीटर जाडीचा होता, तो पोकळ आणि २१-२२ मिलिमीटरचा झाला. शिमानोने १९९६ मध्ये ऑक्टालिंक आणलं, तर इतरांनी मिळून आयसिस. फ्रेममधलं भोक मात्र होतं तेवढंच राहिलं. एक्सल जाड झाला, म्हणजे उरलेल्या जागेत बेअरिंगला दाटीवाटीने बसावं लागलं आणि छर्रे बारीक झाले. बारीक छर्र्यांवर तोच भार आला, की ते लवकर झिजतात. आयसिसचे बीबी एका मोसमात खडखडू लागल्याच्या तक्रारी जगभर होत्या आणि त्या रास्त होत्या.

या कोंडीतून वाट काढली ती शिमानोच्याच हॉलोटेक दोनने, २००३ च्या एक्सटीआर संचात. बेअरिंगं फ्रेमच्या पोटातून काढून बाहेरच्या बाजूला लावली. २४ मिलिमीटरचा एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला आणि डावा क्रँक दोन बोल्टांनी त्यावर आवळलेला. छर्र्यांना पुन्हा जागा मिळाली. कंपनीच्या मते बेअरिंग गेलं की कप अख्खाच बदलायचा. घरी मात्र आतलं बेअरिंग बदलता येतं आणि मला ते काम मनापासून आवडतं.

डाव्या क्रँकचे बोल्ट सैल करून टोपी काढली, की रबरी हातोडीने एक्सल उजवीकडे सरकतो. मग कप. इथे उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावं लागतं. भाराखाली बेअरिंग फिरताना बाहेरच्या कड्याला उलट दिशेने किंचित रेटा बसत राहतो. उजवीकडे सुलटे आटे असते, तर तो रेटा कप हळूहळू सैल करत गेला असता. दोन्हीकडे सुलटे आटे असलेल्या इटालियन बीबीला हा त्रास नेहमीचाच आहे. कप हातात आला, की आतली प्लॅस्टिकची पातळ बाही अलगद सोडवायची. बेअरिंगचं भोक २५ मिलिमीटरचं आणि एक्सल २४ चा. मधली फट ही बाहीच भरून काढते, त्यामुळे ती फाटली की काम अडलं. ब्लेडने सील उचललं, की आत ग्रीसच्या जागी गंजाचा लाल लगदा दिसतो आणि बोटाने फिरवताना खरखर जाणवते. आतून पकडणाऱ्या पुलरने जुनं बेअरिंग निघतं. नव्यासाठी सायकलच्या दुकानात जायचीही गरज नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा भोसरीच्या बाजूला बेअरिंगच्या दुकानात ६८०५ टूआरएस एवढं सांगितलं, की पुरे: २५ आतला व्यास, ३७ बाहेरचा, ७ जाडी, दोन्ही बाजूंना रबरी सील. बसवताना लांब बोल्ट, जाड वॉशर आणि जुनंच बेअरिंग आधाराला घेऊन फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा. आतल्या कड्यावर दाबलं, तर सगळा जोर छर्र्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या पट्ट्यावर पहिल्याच दिवशी खळ्या पडतात. फ्रेमच्या आट्यांना ग्रीस लावून कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळायचा आणि डाव्या क्रँकची टोपी मात्र हाताच्याच जोराने.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण कार्बनच्या फ्रेममध्ये आटे पाडायला धातूची बाही घालावी लागते. ते वजन आणि तो खर्च वाचवायला प्रेस फिट आले. आटेच नाहीत, कप किंवा बेअरिंग सरळ भोकात दाबून बसवायचं. कॅननडेलने बीबी ३० सर्वांना खुलं केलं, २००९ मध्ये स्रॅमने पीएफ ३० आणलं आणि माउंटन बाइकमध्ये बीबी ९२ रुजलं. भोक अगदी गोल आणि दोन्ही बाजू एका रेषेत असतील, तर हे उत्तम चालतं. कारखान्यातून प्रत्येक फ्रेम तशी येत नाही, आणि मग प्रत्येक पायडलला करकर. त्यातच काही क्रँकचे एक्सल ३० मिलिमीटरचे झाले. बीबी ९२ च्या भोकात ते बसवताना बेअरिंगची भिंत पुन्हा पातळ आणि छर्रे पुन्हा बारीक. आयसिसने जे दाखवून दिलं होतं, ते दहा वर्षांत विसरलं गेलं याचा मला खरोखर राग येतो. त्याची किंमत स्वारांनी आपल्या खिशातून मोजली. २०१८ मध्ये स्रॅमने डब नावाने एक्सल २८.९९ मिलिमीटरवर आणला, तो सीलला जागा मिळावी म्हणूनच.

सांता क्रूझ ही कंपनी या सगळ्या काळात ७३ मिलिमीटरच्या आटेदार शेलला, म्हणजे फ्रेममधल्या बीबीच्या नळीला, धरून राहिली. २०१९ च्या मॉडेलपासून स्पेशलाइज्डची स्टम्पजम्परही आट्यांकडे परतली. ज्यांना जाड एक्सल हवाच होता, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये टी ४७ आलं: मोठं भोक, पण आट्यांसकट. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याच्या नावाने ओळखले जाणारे ते जुने आटे आज हजारोंच्या रेंजरमध्ये आहेत आणि लाखोंच्या सायकलीतही आहेत. एकाच पेठेतला मेकॅनिक दोन्हींचं काम करू शकतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

ग्रीस गार्डची कल्पनाही पुरती मेली नाही. क्रिस किंग कंपनीच्या बीबीत वेगळ्या हत्याराने ग्रीस दाबून भरता येतं, कप न उघडता. तो महाग आहे. साध्या कपांना तेवढी एक सोय दिली आणि वर बेअरिंगचा नंबर कोरला, तर जूनमध्ये बसवलेली बेअरिंगं पुढच्या जूनपर्यंत सहज जातील.