भाव का हलतो?

खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलाला भाव हलणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. आवक वाढली की कापसाचा, केळीचा भाव उतरतो. गिऱ्हाईक वाढले की चढतो. पैजेच्या बाजारातही भाव हलतो. परंतु त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि तो न उमगल्याने जळगाव-धुळ्याकडील पोरांचीही फसगत होते.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील घोड्यांच्या शर्यतीचे उदाहरण घेऊ. एखाद्या घोड्याचा भाव 'एकास चार' आहे, म्हणजे एक रुपया लावला आणि घोडा जिंकला तर चार रुपये नफा व आपला रुपया परत. यावरून त्याच्या जिंकण्याची शक्यता शेकडा २० धरली आहे, असा हिशेब निघतो. आता त्याच घोड्यावर पैशांचा ओघ सुरू झाला, की बुकी भाव 'एकास दोन' करतो आणि इतर घोड्यांचे भाव वाढवतो. कागदावरची शक्यता शेकडा ३३ झाली. घोडा मात्र तोच आहे! कधी जॉकी बदललेला असतो, कधी पावसाने मैदान मऊ झालेले असते. कधी नुसती अफवा असते. भावाचा आकडा पैसा कोठे गेला ते सांगतो, का गेला ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट बुकीच्या वाट्याची. दोन तुल्यबळ संघांवर १०० रुपयांस ९० रुपये नफा असा भाव आहे व दोन्हीकडे शंभर-शंभर रुपये लागले आहेत, असे समजा. बुकीजवळ २०० जमले. जिंकणाऱ्यास १९० द्यायचे. कोणीही जिंको, १० रुपये त्याचेच. हा तोल राहावा म्हणूनच तो भाव हलवत असतो.

मटक्यात तर भाव हलतही नाही. गंमत अशी की, त्याचे मूळ कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत पैजा लागत. १९६० च्या दशकात ते थांबले आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढू लागले. दहा आकडे आणि एका आकड्याला साधारण नऊपट. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्याच्या हाती नऊच रुपये येतात.

कायद्याचेही भान हवे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मानले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली.

तेव्हा "भाव उतरला, आतली बातमी असणार" असे कोणी सांगू लागला, तर एवढेच ध्यानात घ्यावे: बातमी खरी असलीच, तर ती ज्याला आधी कळली त्याने 'एकास चार' घेतले, आपल्या वाट्याला 'एकास दोन' उरले. आणि बातमी खोटी निघाली, तर तेही नाही.