कुत्र्याच्या पंजांचे तापमान

निरोगी प्रौढ कुत्र्याचे गुदमार्गात मोजलेले तापमान सु. ३८° ते ३९° से. म्हणजे माणसाच्या तापमानापेक्षा थोडे अधिक असते. तथापि त्याचे पंजे हाताला पुष्कळदा थंड लागतात. त्यामुळे कुत्रा आजारी असल्याची शंका पाळणाऱ्यास येते; परंतु बहुतेक वेळा हा थंडपणा रोगाचे लक्षण नसून शरीरातील उष्णता राखून ठेवणाऱ्या नैसर्गिक यंत्रणेचा परिणाम असतो.

रचना : कुत्रा पायाच्या बोटांवर चालतो. बोटांखाली व पंजाच्या मध्यभागी केसविरहित गाद्या असतात. गादीची बाह्यत्वचा जाड व केराटिनयुक्त असून तिच्याखाली वसा व तंतू यांचा लवचिक थर असतो. पंजात मांसल भाग थोडा आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) अधिक असल्यामुळे तेथे उष्णता फारशी निर्माण होत नाही. ती मुख्यत्वे रक्तावाटे येते. गादी जमिनीला प्रत्यक्ष टेकत असल्याने थंड वा ओल्या फरशीवर ती लवकर निवते. गादीत स्वेद ग्रंथी असल्याने घामाच्या बाष्पीभवनानेही काही उष्णता निघून जाते.

उष्णता-विनिमय : पंजाकडे उष्ण रक्त नेणाऱ्या रोहिण्या आणि थंड झालेले रक्त परत आणणाऱ्या नीला एकमेकींच्या अगदी लगत असतात व त्यांतील प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्यामुळे रोहिणीतील उष्णता नीलेतील रक्तास मिळते. परिणामी गादीत पोहोचणारे रक्त काहीसे निवालेले, तर हृदयाकडे परतणारे रक्त पुन्हा तापलेले असते. यास ‘प्रतिप्रवाही उष्णता-विनिमय’ म्हणतात. जपानमधील हिरोयोशी निनोमिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी गादीतील रक्तवाहिन्यांत राळ भरून तयार केलेले साचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रोहिण्यांभोवती नीलांची जाळी असते आणि केशवाहिन्यांना वगळून रोहिणी व नीला यांना थेट जोडणारे मार्गही विपुल असतात, असे त्यांनी २०११ साली दाखवून दिले.

पंजा थंड राहिला, तरी तो गोठू दिला जात नाही. आर्क्टिक कोल्हा व करडा लांडगा या कुत्र्याच्या कुलातील प्राण्यांवरील प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत पाय −३५° से. तापमानाच्या द्रवात बुडविला असताही पंजाचे तापमान ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींचे समूह) गोठण्याच्या बिंदूच्या, म्हणजे सु. −१° से.च्या, किंचित वरच राखले गेले. पाळीव कुत्र्यांना मात्र अतिशीत हवेत हिमदाह होऊ शकतो.

विकृतिजन्य थंडपणा : चारही पंजे सारखे थंड, परंतु कुत्रा हुशार व खातापिता असेल, तर काळजीचे कारण नसते. थंडपणाबरोबर हिरड्या फिकट होणे, बोटाने दाबलेल्या हिरडीचा रंग २ सेकंदांत परत न येणे, अशक्तपणा किंवा बेशुद्धी ही लक्षणे आढळल्यास रक्ताभिसरण कोलमडल्याचा (अवसादाचा) संशय घ्यावा. मागील पाय एकाएकी थंड व लुळे पडणे, त्यांत वेदना होणे आणि मांडीच्या आतील बाजूस नाडी न लागणे ही महारोहिणीच्या शेवटी रक्ताची गुठळी अडकल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्याची मदत तत्काळ घेणे आवश्यक असते.

नवजात पिलांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडून उष्णता निर्माण करता येत नाही. ती आईच्या उबेवर अवलंबून असतात. पंजांबरोबर अंगही गार पडलेल्या पिलाच्या आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणून त्याला प्रथम हळूहळू ऊब द्यावी व अंग गरम झाल्यावरच दूध पाजावे.

यावरून केवळ पंजाच्या स्पर्शावरून कुत्र्याच्या प्रकृतीचा निर्णय करता येत नाही, हे स्पष्ट होते. त्यासाठी गुदमार्गातील तापमान, हिरड्यांचा रंग व कुत्र्याचे एकंदर वर्तन यांचा एकत्रित विचार करावा लागतो.