दुधाचे दात आणि लसीचं कार्ड

नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीसाठी धुळ्यातल्या दवाखान्यात आणलं की वजन होतं, लांबी मोजली जाते, टाळू चाचपली जाते, छातीला स्टेथोस्कोप लागतो. सुई टोचली की बाळ भोकाड पसरतं आणि त्याचे दोन-चार दात स्वच्छ दिसतात. तिकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. दात म्हणजे दातांच्या डॉक्टरांचं काम, असं आईलाही वाटतं आणि कामाच्या गर्दीत डॉक्टरांनाही. दातांच्या डॉक्टरकडे मूल जातं ते गाल सुजल्यावर, पाचव्या-सहाव्या वर्षी.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांत वीसही दात येऊन जातात. नेमक्या याच काळात मूल लसीसाठी, सर्दी-जुलाबासाठी बालरोगतज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा जात असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटाने 2014 साली शिफारस केली, की दुधाचे दात येऊ लागले की मुलांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच त्यांवर फ्लोराइडचं वार्निश लावावं. पहिल्या वाढदिवसाच्या आत दातांच्या डॉक्टरांची पहिली भेट व्हावी, असा बालदंततज्ज्ञांचा सल्ला आहे. पण तिकडे पाठवणार कोण? ज्याच्याकडे लसीचं कार्ड आहे तोच.

तपासणीला यंत्र लागत नाही. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघे भिडवून बसतात, बाळाचे पाय आईच्या कमरेशी आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि समोरच्या दातांच्या हिरडीलगत बघायचं. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडने आणि खाण्यापिण्याच्या सवयी बदलून कीड थोपवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की ती वेळ गेलेली असते. आईला हे घरीही करता येतं. डॉक्टर विसरले तर ‘ओठ उचलून बघता का?’ असं विचारायला लाजायचं कारण नाही.

‘दूधना दात शेतस, पडीच जातीन,’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. पडतात हे खरं, पण समोरचे सहा-सात वर्षांना आणि दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत. तोवर त्यांच्यावरच भाकरी चावायची असते. दुखऱ्या दाढेचं मूल एका बाजूने चावतं, जेवण टाळतं, रात्री नीट झोपत नाही. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक कायमची दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि ती कायमची दाढ हातची जाते.

कीड बहुतेक वेळा बाटलीतून सुरू होते. साखर घातलेलं दूध तोंडात ठेवून बाळ झोपतं, झोपेत लाळ कमी होते आणि साखर वरच्या दातांवर तासन्‌तास बसून राहते. खालच्या दातांवर जीभ असते, ते त्यामानाने वाचतात. चोखणी मधात बुडवून देणं त्याच जातीचं. स्तनपान त्यासाठी थांबवायचं नाही, मात्र दात आल्यावर ते रोज घासायचे.

आता खानदेशातला सगळ्यात धोक्याचा समज: ‘दात येताहेत म्हणून जुलाब लागले.’ दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ चिडचिडं होतं. मोठा ताप किंवा पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. त्याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि हाती लागेल ते तोंडात जातं, म्हणून जंतुसंसर्ग होतो. एप्रिल-मेच्या उन्हात दातांना दोष देत दोन दिवस घालवले तर बाळाच्या अंगातलं पाणी संपतं. ओआरएस लगेच सुरू करा आणि दवाखाना गाठा.

औषधांनी दात काळे पडतात, हे अर्धसत्य. लोहाच्या थेंबांनी दातांवर काळा डाग बसतो, पण तो वरवरचा असतो, दंतवैद्य तो साफ करतात. त्यासाठी लोह बंद करू नका. टेट्रासायक्लिन मात्र आठ वर्षांखालच्या मुलांत दाताचा रंग कायमचा बिघडवू शकतं, ते डॉक्टरांना ठाऊक असतं. गोड सिरपनंतर दोन घोट पाणी पाजलेलं बरं.

फ्लोराइडची भीतीही निराधार नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विंधनविहिरींच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने दातांवर डाग पडलेले दिसतात. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणं वेगळं आणि ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेणं वेगळं. तीन वर्षांपर्यंत तेवढीच पुरते, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. घासून मोठ्यांनी द्यायचं. आणि आजीची मिसरी नातवाच्या दातांना कधीच नाही. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि पावडरींवर देशात 1992 पासून बंदी आहे, घरात भाजलेल्या मिसरीला कोण अडवणार?

बालरोगतज्ज्ञ दात भरून देणार नाहीत. ते बघतील, सांगतील, चिठ्ठी देतील. पुढचं काम दंतवैद्याचं. धुळ्यात साक्री रस्त्यावर मोराण्याला दंत महाविद्यालयच आहे. खेड्यातल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. हा कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरहून सुरू झाला, त्याच्या यादीत दातांची कीड आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. चाळीसगाव-साक्रीकडून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं तेव्हा गावात नसली तर हुकतात. त्यांच्यासाठी उरते ती लस टोचायची वेळ, मग ती गावातली असो की कारखान्यावरच्या तळावरची.