मासे का मरतात, हे आपल्या पोरांनी शिकावं



नदीत मासे मेले की आपण म्हणतो, "कुणीतरी विष टाकलं." पण दरवेळी विषच असतं असं नाही. शेजारच्या पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडला आहे. सांडपाणी, मळी पाण्यात मिसळली की डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यावर वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असला की मासा खुशाल राहतो. २ च्या खाली गेला की बरेचसे मासे गुदमरतात. रात्री शेवाळंही ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात.

हे सगळं शिकवणारा विषय म्हणजे पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र. पाण्याचा नमुना २० अंशाला ५ दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजायचं. त्यालाच बीओडी म्हणतात. बारावी सायन्सनंतर मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., पुढं एम.एस्सी. करता येते. १९६२ साली स्थापन झालेलं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आपल्याला जवळच आहे.

आपण तक्रार घेऊन गेलो की पुरावा मागतात. तोवर घाण पाणी वाहून जातं, मासे कुजतात, जाळं रिकामं ते रिकामंच. दूधगंगेचं पाणी वेळेवर तपासणारं पोरगं किंवा पोरगी आपल्याच घरातली असली, तर आपलं म्हणणं कागदावर येईल.

तोवर एवढं करा: मासे मेलेले दिसले की तारीख, वेळ, जागा लिहा, फोटो काढा. ते मासे विकू नका, खाऊ नका. लगेच संस्थेत कळवा.